आजारी उशी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या बहिणीचे, अक्काचे. घनसावंगीला जिनिंगमध्ये राबून तिनं मला बी.ए. केलं. मी जाफराबादला मास्तर झालो, तेव्हा जिनिंगमधला झाडलोटीचा कापूस भरून तिनं मला उशी शिवून दिली.

तेव्हापासून माझा खोकला थांबेना. क्षयच असणार, नोकरी जाणार, अक्काचे कष्ट वाया जाणार, असं धरून मी वळकटी बांधूनच जालन्याच्या एका डॉक्टरांकडे गेलो.

"बिऱ्हाड घेऊन आले का, मास्तर?" बोलता बोलता ते स्वतःच्या पोटावर ताल धरत.

"भरती व्हायला आलो."

त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला. "बिलकुल साफ. खोकला कुठं येत न्हाई?"

"बदनापूरला मित्राकडं गेल्तो, तिथं न्हाई आला."

"वळकटी नेल्ती?"

"न्हाई."

त्यांनी वळकटी सोडली आणि उशी टेबलावर दाणकन आपटली. धुरळा उडाला. मी खोकलो, ते शिंकले, बाकावरचे पेशंट हसू लागले.

"तुम्ही बराबर आहात. उशी आजारी आहे!" ते पोट धरून हसले. परक्याच्या धडधाकटपणाचा इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

कापूस बदलला, खोकला गेला. मग अक्काला आंतर्देशीय पत्र लिहिलं; तिला वाचता येत नसे, पोस्टमनच दारात वाचून दाखवायचा:

"ती. अक्कास साष्टांग नमस्कार. तुझ्या उशीतला कापूस बदलला, त्यानंच खोकला येत होता. रागावू नकोस, खोळ तीच ठेवली आहे. पोस्टमनदादा, पुढची ओळ गल्लीला ऐकू जाईल अशी वाचा: मला क्षय नाही!"