मोकळी जागा

आमच्या घराण्यात फुकटचा चहा कोणी पीत नाही. पाजणाऱ्याला काय पाहिजे हे कळेपर्यंत कपाला हात लावायचा नाही, असं वडिलांनी शिकवलं. पुढे मी एसटीत तिकीट तपासनीस झालो. म्हणजे संशय वारशानं मिळाला होताच, नोकरीत त्याचा पगारही मिळू लागला.

निवृत्तीनंतर एके दिवशी परतवाड्यातल्या आमच्या गल्लीत भिंतीवर कागद लागला. रविवारी शाळेच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं आणि गल्लीच्या भल्यासाठी काय करता येईल ते मिळून ठरवायचं. मदतीला अमरावतीची मृणाल नावाची आर्किटेक्ट मुलगी येणार. नाश्ता होता, फी नव्हती. मी बायकोला सांगितलं, हे प्लॉट विकणारे असणार. प्लॉटवाले नसले तर गादीवाले.

कुसुम तरीही गेली, आणि खुशीत परत आली. तिथे म्हणे रंगीत चिठ्ठ्यांवर गल्लीच्या अडचणी लिहायच्या होत्या. मी विचारलं, सही घेतली? नाही. आधार कार्ड? नाही. काहीच घेत नाहीत म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. इतक्या सफाईनं काम करणारी टोळी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी लक्ष ठेवायला मीही गेलो. खोलीत सगळी आमचीच माणसं. शेजारचे सलीमभाई सुतार, भाजी विकणाऱ्या मंदाताई आणि बाकीची गल्ली. सगळे जमिनीवर बसून पुठ्ठ्याची गल्ली उभी करत होते. घरं, नाली, विजेचे खांब, सलीमभाईंची बकरीसुद्धा. आणि मृणालच्या हातात मोजायची टेप होती.

टेप पाहिली आणि मला सगळा डाव कळला. रस्ता रुंद करायचा होता. आज पुठ्ठ्यावर मोजणी, उद्या दारात बुलडोझर. यात पहिला नंबर माझाच लागणार होता, कारण आमच्या घराला लागून जे टिनाचं शेड होतं ते आमचं होतं, पण त्याखालची जागा गल्लीची होती. वडिलांनी तिथे आधी गाय बांधली. मग गाय गेली आणि टिन आलं. त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही, कारण आम्हीही कोणाच्या पुढे आलेल्या ओट्याबद्दल बोललो नाही. (शेजारधर्म म्हणतात तो हाच.)

मृणालनं पुठ्ठ्याचा तुकडा उचलून विचारलं, "काका, तुमच्या घराच्या बाजूला काय आहे?"

"काई नाई," मी म्हणालो. "मोकळी जागा हाये. सरकारी."

ते शेड सगळी गल्ली रोज पाहत होती. सलीमभाईंनी तर त्याचं दार बनवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, अशी मी डोळ्यांनी खूण केली. त्यांना ती भलतीच कळली.

"वानखडे भाऊ," ते हळूच म्हणाले, "पक्की बात?"

"पक्की," मी म्हणालो. आता माघार घेतली असती तर टेप माझ्याकडेच वळली असती.

टाळ्या सुरू झाल्या. मी आदल्या रविवारी आलो नव्हतो, त्यामुळे मला माहीत नव्हतं की गल्लीचं काम ठरलं होतं आणि जागेपाशी अडलं होतं. एक सामायिक खोली करायची होती. व्हीलचेअर, वॉकर, मोठी पातेली, शिडी, असं ज्याचं एरवी काम पडत नाही आणि गरज पडली की मिळत नाही, ते तिथे ठेवायचं. लागेल त्यानं न्यायचं आणि परत आणायचं. फक्त जागा कोणाकडे नव्हती. ती मी आत्ताच दिली होती.

सलीमभाई उठून माझ्याजवळ आले. उन्हाळ्यात त्यांच्या अम्मीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचलत डॉक्टरकडे नेलं होतं. "तवापासून वाटे, कोनीतरी सुरुवात करावं," ते म्हणाले. "भाऊ, तुमी केली." त्यांचे डोळे भरले होते.

मी सुटकेसाठी कुसुमकडे पाहिलं. ते शेड रिकामं करा म्हणून ती लग्नापासून माझ्या मागे लागली होती.

"त्यायच्या मनात लय दिवसांचं होतं," ती शांतपणे म्हणाली.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, काहून असं बोलली तू? ती म्हणाली, "तुमीच म्हनले ना मोकळी जागा हाये. मंग करा आता मोकळी."

त्याच आठवड्यात गल्लीनं शेड रिकामं केलं. बंद पडलेली स्कूटर भंगारात गेली. शिडी आणि लग्नकार्याची पातेली तिथेच राहिली; ती मी दान दिली, असं मला इतरांकडून कळलं. कोणी काही खिशात घालतं का ते पाहायला मी दारातच खुर्ची टाकून बसलो. लोक म्हणाले, माणसाची काय तळमळ आहे बघा. आणि शेडची किल्ली माझ्याकडेच दिली.

पहिली व्हीलचेअर सलीमभाईंच्या अम्मीसाठी निघाली. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता ही काय मागते म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिनं काहीच मागितलं नाही. नुसती हसली आणि गेली. असला प्रवासी मला नोकरीत कधी भेटला नव्हता.

पुढे मृणालनं मला अकोल्याच्या एका मोहल्ल्यात बोलायला नेलं. तिथे मागच्या रांगेत कपाळाला आठ्या घालून एक माणूस बसला होता. चहासुद्धा घेतला नव्हता त्यानं. तो उभा राहून म्हणाला, "साहेब, खरं सांगा, तुमी जागा कावून देली?"

मला तो सख्ख्या भावासारखा वाटला. त्याला खोटं सांगणं जिवावर आलं. मी सांगितलं की मी जागा दिलीच नाही, भीतीपोटी तोंडातून निघून गेलं, माझं शेड गेलं आणि वरून शिडीही गेली.

सगळी सभा उभी राहिली. एवढं मोठं काम करून इतका विनम्र माणूस आम्ही पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी मला शाल घातली. तो मागच्या रांगेतला तेवढा टाळी न वाजवता माझ्याकडे बघत बसला होता. मी जागा दिली नाही यावर विश्वास ठेवणारा त्या सभेत तो एकटाच होता, आणि त्याच्या नजरेवरून मला कळलं, त्याची खात्री पटली होती की मी प्लॉटवाला आहे.