भोंग्याला लावलेला सूर

वाघमारे मास्तरांनी आम्हाला सहा वर्षं चुकीच्या सुरात वाजवायला लावलं.

आज पहाटे मास्तर गेले. आजच्या दिवशी हे लिहितेय म्हणून कोणी रागावू नका. हा किस्सा ते स्वतःच टपरीवर चहा पिता पिता सगळ्यांना सांगायचे.

मास्तर मूळचे लातूरकडचे. तळवड्यात एका छोट्या कंपनीत टूलरूमला फिटर. जॉब, म्हणजे यंत्राचे सुटे भाग, घडवायचे आणि गेजला, म्हणजे ठरलेल्या मापाला, लावून तपासायचे. फर्स्ट शिफ्ट सुटली की आमचे बँडमास्तर.

आम्ही बावीस पोरंपोरी, सगळी कामगारांची. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, सगळी पितळी वाद्यं. सराव एका बंद पडलेल्या शेडमध्ये.

आता सूर कशावर लावायचा?

साडेतीनला शेजारच्या मोठ्या कंपनीचा भोंगा व्हायचा. लांबलचक, एका सुरात. मास्तर हात वर करायचे आणि आम्ही सगळे त्याला सूर लावायचो.

"घड्याळ चुकंल, भोंगा चुकायचा न्हाई."

भोंगा होता नेहमीच्या सुरापेक्षा जरा चढा. या वाद्यांना एक वाकडी नळी असते, स्लाइड. ती बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. आमच्या सगळ्यांच्या स्लाइड पार आत. सहा वर्षं कोणी हलवल्या नाहीत.

जयंतीला, गणपतीत आम्ही एकटेच वाजवायचो. सगळेच सारखे चढे, मग कळणार कोणाला?

कळलं मोशीला. तिथे दिवसभर नुसते बँडचे कार्यक्रम होते. पुण्या-मुंबईच्या शाळांचे बँड, कडक इस्त्रीचे युनिफॉर्म. शेवटी सगळ्यांनी मिळून एक गाणं वाजवायचं होतं. महिनाभर आधीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात त्याची सुरुवात आमच्या बँडकडे आली. म्हणजे माझ्याकडे. पहिल्या चार ओळी, एकटीने, ट्रम्पेटवर.

नववीत होते मी. महिनाभर शेजाऱ्यांचं डोकं खाल्लं होतं. थेरगावची मावशी खास ऐकायला आलेली.

दुपारी आमचं वादन झालं. टाळ्याही पडल्या. मग संयोजकांपैकी एक सर मोबाइलवर सूर मोजायचा ट्यूनर उघडून आले.

"मास्तर, मुलं छान वाजवतात. पण सूर चढा आहे. शेवटच्या गाण्यात तुम्हाला घेता येणार नाही."

मला रडू नाही आलं. राग आला. मास्तरांचाच आला.

मास्तरांनी विचारलं, "सगळेच चढे हायत का एखाददुसरा?"

"सगळेच. अगदी सारखे."

तर या माणसाचा चेहरा उजळला.

"मग पोरं बरोबर हायत, सर. बावीस जॉब सारखेच चुकले म्हंजी जॉबात खोट न्हाई, गेज चुकीचं. आन गेज मी दिलतं. चूक माझी हाय. दोन तास द्या, रीवर्क करून देतो."

आमच्यासमोर, आमच्या आईबापांसमोर बोलले. मान खाली न घालता.

सगळ्यांच्या स्लाइड थोड्या बाहेर ओढल्या की काम झालं. पण सहा वर्षांच्या जाम स्लाइड. एक हलेना.

आणि मग प्रेक्षकांतून आमचे बाप उठले.

एकजण मेंटेनन्सचा, एक प्रेस शॉपचा, माझे पप्पा चाकणला असेंब्लीला. कोणाच्या बाइकच्या डिकीतून गंज सोडवायचा स्प्रे निघाला, कोणाची रबरी हातोडी. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली आणि लाइन लागली. इस्त्रीवाली पोरं पॉपकॉर्न खात बघत होती.

मास्तर एकेक वाद्य वाजवून घ्यायचे, त्या सरांच्या मोबाइलवर तपासायचे आणि स्लाइडवर पेनाने खूण करायचे.

शेवटी राहिली माझी. स्प्रे झाला, हातोडी झाली. ढिम्म.

"पप्पा, राहू दे आता."

"गप. रोज असले पन्नास सोडवतो मी."

त्यांनी आईची ओढणी नळीत ओवली आणि झटका दिला. पप्पा मागच्या मागे आपटले, नळी ओढणीला लोंबकळत. मास्तरांनी ती पुसून परत बसवली, मोबाइलवर सूर जुळवला आणि म्हणाले, "तू कशाला घाबरायलीस? वाजव."

स्टेजवर गेले. त्या चार ओळी वाजवल्या. मस्त वाजवल्या, उगाच नम्रपणा नको. मागून सगळे बँड आले आणि आमचा सूर कुठे, त्यांचा कुठे, काही कळेना.

त्यानंतर मास्तरांनी नियमच केला. दर शनिवारी स्लाइड काढायची, पुसायची, व्हॅसलीन लावायचं. "नळी जाम न्हाई झाली पायजे. माझ्यासारखा शाना परत भेटला तर?"

मी आता चाकणला क्वालिटीत आहे. गेजचंच काम करते. चूक झाली की लोक आधी कामगाराकडे बोट दाखवतात. मी आधी गेज तपासते. हे कुठल्या कोर्समध्ये नाही शिकले.

आज आम्ही जुने-नवे बावीस जण मास्तरांच्या दारात वाद्यं घेऊन उभे होतो. सूर लावायला मोबाइल काढला होता. तेवढ्यात साडेतीनचा भोंगा झाला.

कोणी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी स्लाइड पार आत ढकलल्या आणि भोंग्याला सूर लावला.

मास्तरांना त्यांच्याच चढ्या सुरात पोचवलं.

एकाचीही नळी अडकली नाही, मास्तर.

तुमच्या बावीस जॉबांचा शेवटचा नमस्कार.