तेहतिसावं कडवं

ग्वाईरा भागातल्या त्या गावात दर बारा जूनला, चाकोच्या कोरड्या रानातलं युद्ध थांबलं त्या तारखेला, चर्चसमोरच्या आंब्याखाली एमेतेरिओ कान्येते गिटार घेऊन बसायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. गावातून गेलेल्या तुकडीतल्या बत्तीस जणांवर, जिवंत आणि मेलेल्या, त्याने खंदकात तोंडातल्या तोंडात बत्तीस कडवी रचली होती. ज्याचं कडवं येई त्याच्या घरची माणसं उठून उभी राहत.

सार्जंट ओवेलारच्या घरचं कुणी कधी उठलं नाही. एमेतेरिओला सोडून तुकडीत माणसं तेहतीस होती.

चाकोत चार दिवस पाण्याची गाडी आली नाही, तेव्हा एमेतेरिओचा धाकटा भाऊ सिल्विनो ओलाव्यासाठी मुळं चावत मेला. दहा हातांवर ओवेलार शर्टाखाली पाण्याची बुधली दडवून पडला होता. एमेतेरिओ त्याला तिथेच गोळी घालू शकला असता. पण मेलेल्या सार्जंटला गावाने हुतात्मा म्हटलं असतं, आणि ते त्याला सोसलं नसतं.

यंदा ओवेलार सकाळीच काठी टेकत त्याच्या दारात आला.

"नातवंडं हसतात रे मला. म्हणतात, आजोबा लढाईत घरी कोंबड्या राखत होते."

"पोरं हुशार आहेत तुमची."

"शिव्या घाल मला. पाणीचोर म्हण, गावादेखत म्हण. पण नाव घे, एमेतेरिओ. हात जोडतो."

"सिल्विनोनेही जोडले होते. तुम्ही काय म्हणालात?"

ओवेलारने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काहीच नाही. कूस बदललीत."

खरं तर ओवेलारचं कडवं तयार होतं. बुधली दिसली त्याच दुपारी रचलेलं, असं जळजळीत की बाकीची बत्तीस त्याच्या पासंगाला पुरू नयेत. पोरांच्या पोरांनी ते पाठ केलं असतं. म्हणूनच ते गायचं नव्हतं. त्या हरामखोराला शंभर वर्षांचं आयुष्य कोण देणार?

दुपारी शेवटचं, सिल्विनोचं कडवं संपलं. तरी ओवेलार टोपी हातात धरून एकटाच उठून उभा राहिला. सगळं गाव बघत होतं. एमेतेरिओच्या ओठांशी ते शब्द आले. आयुष्यात त्याने याहून चांगलं काही रचलं नव्हतं, आणि ते कुणाच्या कानावर पडलं नव्हतं. त्याने दात आवळून ते गिळले.

"सरका सार्जंट," तो म्हणाला, "पोरांना नाचायला जागा द्या."