गाठीचा फराळ

मेणकाका बरणीतल्या गाठींना अहो-जाहो करत. "या, बसा," म्हणत आणि अलगद फॉर्मलिनमध्ये सोडत. महाडच्या एसटी डेपोमागच्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायची आणि ते ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे. ते काप काचेवर घेऊन डॉक्टर आजाराचं नाव सांगत. गाठीला अहो कशाला, असं मी एकदा विचारलं. "कुणाची आहे काय सांगावं? मामलेदाराचीही असेल," काका म्हणाले.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत सोनाआजी राहायची. तिच्या मानेत गाठ होती आणि ती ऑपरेशनला तयारच होईना. मरणाला ती भीत नव्हती, पण आपण वाडीत जळणार आणि गाठ महाडात राहणार, हे तिला पटत नव्हतं. "मानूस पुरता नको जायाला?" शेवटी काका दवाखान्यात जाऊन म्हणाले, "आजी, मी जपतो. वेळ आली की स्वतः वाडीवर आणून देईन." तिनं मान डोलावली, गाठीसकट.

गाठ साधी निघाली. एरवी रिपोर्ट गेला की उरलेलं टाकून देत. काकांनी मात्र बरणीला फडकं बांधून ती वरच्या फळीवर ठेवली. आजी बाजाराला आली की दारातूनच विचारी, "बरी हाय ना रे?"

"खुशाल आहे. तुमची आठवण काढते," काका मान वर न करता सांगत.

दिवाळीला तिनं गाठीसाठी करंज्या आणल्या. "ती खायाची नाय, ठावं हाय मला. तिच्या नावानं तू खा." काकांनी हात धुतले आणि बरणीसमोर बसून खाल्ल्या. मला एक देऊ केली, तर मी नाकाला पदर लावला. फॉर्मलिनच्या त्या उग्र वासात मी कधी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. डॉक्टरांनी एकदा फळी रिकामी करायला सांगितली, तेव्हा काका म्हणाले, "आधी आजींना विचारा." डॉक्टरांनी काही विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात काका काविळीनं गेले. मला आजही ते आठवले की आधी हसू येतं आणि मग फार वाईट वाटतं. पावसात वाडीवरून न उतरलेली आजी थेट दिवाळीला करंज्यांचा डबा घेऊन आली, तेव्हा तिला मीच सांगितलं. ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली.

"पुरता गेला ना?"

"हो आजी, पुरते गेले."

"बरं झालं." मग तिनं फळीवरच्या बरणीकडे पाहिलं. "आता माजी कोन आनील?"

"मी आणीन," मी म्हणाले. तिला काही ते पटलेलं दिसेना. मग मी हात धुतले, बरणी खाली काढली, तिच्यासमोर बसले आणि करंजी उचलली. श्वास रोखून अर्धी एकदम तोंडात घातली.

"सावकाश खा गो," आजी म्हणाली. "तिला घाई नाय."