टोपल्यावरचे काका

मालेगावला आमच्या कॉलेजात शेलूबाजारशी कबड्डीची मॅच असली की तिकडचे एक भाजीवाले काका हमखास यायचे. मी कॉलेजचा खेळाचा मास्तर, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. बाजार उरकून आणलेलं रिकामं टोपलं पालथं घालायचं, त्यावर चढायचं आणि शेलूबाजारच्या पोरांची बाजू घेऊन आम्हाला मनसोक्त शिव्या द्यायच्या, हा त्यांचा नेम.

यंदा स्पर्धेचे गट बदलले. शेलूबाजार दुसऱ्या गटात गेलं, आमच्यासमोर मानोरा आलं. तरी काका टोपल्यावर हजर!

"काका, आज तुमची टीम नाही."

"मालूम हाय. तिकडं नव्या गटातल्या पोराइले शिव्या देऊन पाह्यल्या, मास्तर. मजाच नाई येऊन राह्यली. वळखच नाई ना!"

"मग आज कोणाकडून?"

"तुमच्याकडून! तुमाले हरवाचा हक आमचा हाय. हे मानोरेवाले कोण लागून गेले?"

शेवटच्या चढाईत आमचा पोरगा चौघांना ओढत मध्यरेषेला टेकला आणि आम्ही जिंकलो. काकांनी अशी उडी मारली की टोपल्याचं बूडच गेलं. ते मोडकं टोपलं गळ्यात घालून काका मैदानभर नाचले, आणि सवयीनं शिव्या मात्र आम्हालाच देत राहिले.