सासऱ्यांचं टायरवाचन

अमेरिकेत येऊन नायगारा पाहून गेलेले सासरे पुष्कळ असतील, पण सगळी अमेरिका टायरांवरून वाचून गेलेले सासरे एकट्या माझ्याच वाट्याला आले, आणि त्याबद्दल मला कुणाचीही सहानुभूती नको आहे. आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. ज्यांना हसायचं असेल त्यांनी अजूनही हसावं. फक्त हसण्याआधी एकदा आपल्या गाडीच्या मागच्या चाकांकडे बघून यावं.

या माणसाचा सगळा जन्म अकोल्याच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात गेला. सायकलीपलीकडे वाहन कधी घेतलं नाही. शिवाय मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा वळणात वाढलेले, त्यामुळे जावयाच्या घरी सहा महिने बसून खायचं हे त्यांना काही केल्या पचेना. रोज सकाळी आंघोळ उरकून, माझं जुनं जाकीट घालून ते विचारायचे, "आज माझ्याकडे काय काम?" आम्ही म्हणायचो, आराम करा. हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घरातली पुस्तकं वाचत बसायचे. ती संपल्यावर त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढलं आणि पेन्सिल घेऊन ते एखाद्या सूत्रग्रंथासारखं वाचून काढलं.

एका संध्याकाळी त्यांनी मला गाडीपाशी नेऊन टायरवर बोट ठेवलं आणि 205/65 R15 94H म्हणजे काय ते विचारलं. आता मी गाड्यांच्या सीटचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे वाहन व्यवसायातच आहे. मी ठणकावून सांगितलं की पासष्ट म्हणजे पासष्ट मैलांचा वेग. नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच उत्तर दिलं. दोनशे पाच ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पासष्ट ही त्याच्या कडेची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा पासष्ट. R म्हणजे आतले धागे कसे घातलेत ते, पंधरा हा आतल्या चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. चौऱ्याण्णव भाराचा आकडा आणि H ही वेगाची मर्यादा. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी करणाऱ्याला मी वर्गात बाकावर उभं केलं असतं, असंही ते म्हणाले.

त्यानंतर नोव्हायमधली एकही गाडी त्यांच्या तावडीतून सुटली नाही. माझ्या एका मित्राने नवी गाडी देवळात पूजेला आणली. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, गुरुजी बॉनेटवर स्वस्तिक काढत होते, आणि आमचे सासरे वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली आडवे. टायर कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला तो आकडा बरेचदा आतल्या बाजूला असतो. तो वाचून त्यांनी तिथूनच जाहीर केलं, "गाडी यंदाची असेल, पण टायर गेल्या मार्गशीर्षातला आहे." मित्राची बायको आमच्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. दुसऱ्यांदा ते किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये असेच आडवे झाले, तेव्हा म्हातारा बेशुद्ध पडला समजून एका बाईंनी अँब्युलन्स बोलावली. ती आल्यावर सासरे कपडे झटकत उठले आणि तिच्या चालकाला पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे म्हणून सांगू लागले.

हिवाळ्याच्या तोंडावर आमचे मागचे दोन टायर बदलायचे होते. दुकानात आमचं माप शिल्लक नव्हतं, म्हणून दुकानवाल्यांनी पासष्टऐवजी साठचे बसवले. सासऱ्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेला, टायरचं माप सांगणारा कागद वाचला, मग टायर वाचले. उंची कमी आणि भाराचा आकडा एक्क्याण्णव. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, जवळजवळ सारखेच आहेत. सासरे म्हणाले, "ऑलमोस्ट सेम इज नॉट सेम," आणि खुर्चीत बसले ते बसलेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना हळूच म्हणालो, जाऊ द्या, चालवून घेऊ, लोक बघताहेत.

ते उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "जावईबापू, तुमच्या घरात मी पाहुणा आहे, तिथे तुम्ही म्हणाल ते. पण या गाडीत माझी मुलगी बसते. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घरी जा, मी बसतो."

मी गेलो नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. त्यांनी पिशवीतून लाडवांचा डबा काढला, एक मला दिला, एक काउंटरवरच्या माणसालाही दिला. दुपार कलल्यावर दुसऱ्या शाखेतून योग्य मापाचे टायर आले. ते बसवून घरी आल्यावर, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच, सासऱ्यांनी स्वतःहून भात मागून घेतला.

ते परत गेले आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. त्या डॉक्टरांना काय कळतं, असं म्हणून त्यांनी पासपोर्ट मात्र नवा करून घेतला. दर रविवारी सकाळी फोन येतो. माझी चौकशी, थंडीची चौकशी, आणि मग मुलीला सांगतात, "जरा खाली जाऊन वाच बघू." टायर तेच आहेत, आकडे बदलणार कुठून? मी एकदा तिला म्हटलं, अगं, इथूनच सांग, त्यांना काय दिसतंय. तिने कोट चढवला आणि बर्फात जाऊन मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. हातमोज्याने बर्फ पुसत तिने सगळी ओळ वाचून दाखवली. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. आता जा आत, गारठशील."