पुढे आणलेली पाठ

माझ्या डाव्या छातीत माझी पाठ आहे. गाठीमुळे छाती काढावी लागली, तेव्हाच डॉक्टरांनी पाठीचा स्नायू काखेखालून पुढे वळवून तिथे नवी छाती केली. ब्लाउज नीट बसतो. पण तिथे हात लागला की मला पाठीवर कळतं. आणि पाठीवर टाक्यांच्या जागी हात लागला तर काहीच कळत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावायचं, ही सगळ्यांचीच रीत. आमची आणखी एक चोरटी रीत होती. यांना लावून वाटीत उरलेलं तेल मोरीचा पडदा ओढून हे माझ्या पाठीला लावायचे. लालबागची एक खोली, त्यात सासूबाई, मुलं. वर्षातून तेवढाच निवांत हात.

ऑपरेशननंतरच्या पाडव्याला तेल वाटीतच राहिलं. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, किळस येत असेल. विचारायची लाज वाटली. दुपारी घरात कुणी नसलं की मी नव्या छातीवर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पाठीवर यांचा हात असल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून वहीत लिहिते.

या पाडव्याला तेल लावून झाल्यावर हे उठायला लागले, तशी मी वाटी पुढे केली.

"माझी पाठ?"

"सिस्टरीन सांगल्यान ना, हात लावूचो नाय."

"अहो, ते पाठीला नळ्या होत्या तेव्हा!"

"मगे कधीपासून लावूचो, ता खंय सांगल्यान?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. हा माणूस एवढे दिवस सिस्टरचं ऐकत होता.

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "तेल लावतंस काय घोवाक तळतंस गो?"

यांनी पडदा ओढला. पाठीवर टाक्यांच्या जागी तेल लावलं असणार. मला कळलंच नाही.

"कळता?" यांनी विचारलं.

"हो" ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर जन्मभर तिथेच लावत राहिले असते. मी यांचं मनगट धरलं आणि हात काखेखालून पुढे आणला.

"दुखात गो!"

"नाय. हंयसून पाठीक कळता."

यांना काही समजलं नसेल. पण हात काढला नाही. आणि पाठीवर, जिथे आता नुसते टाक्यांचे वण आहेत, तिथे यांचा हात आला.